आपल्यातली चूक

११ एप्रिल

चि. ठमीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी पोचली. एक प्रत मला, एक वाचनालयाला. माझी प्रत मी दुकानातच उघडली आणि फसलो. गिऱ्हाईक समोरचा अक्षरांचा तक्ता वाचतंय, आणि मी खाली मान घालून तुझी पानं वाचतोय. "दिसतंय का?" असं त्याला विचारायचं, तर मलाच दिसेना. चष्मेवाल्यानं दुकानात रडणं धंद्याला बरं नाही, एवढं पुढच्या वेळी लक्षात ठेव.

वाचनालयाची प्रत एका हातातून दुसऱ्या हातात पळतेय. समोरच्या बेकरीवालीनं दोन दिवसांत संपवली. तिच्या जिभेची धग तुला माहीतच आहे, भट्टी तिच्यापुढं थंड. पुस्तक परत करताना म्हणाली, "मामा, तुमच्या भाचीनं त्या सुनेला सबंध हिवाळाभर प्रार्थनाघराच्या पायरीवर बसवलं. दुसऱ्या धर्माची म्हणून आत घेत नाहीत, कबूल. सासऱ्यासाठी प्रार्थना करायचीच म्हणून ती हटत नाही, तेही कबूल. पण एकदा तरी 'गुडघे दुखले गं बाई' म्हणायला नको? दगडाची आहे का ती?" मी म्हटलं, कळवतो. कळवलं.

पण ठमे, ते शेवटचं पान! दारवान म्हणतो ऊठ, इथं बसू नकोस, आणि ती म्हणते, "आपला देव पायरीवरसुद्धा बसतो." झालं, पुस्तक संपलं. मी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. हा 'आपला' तुला कुठं सापडला गं? 'आमचा' म्हणाली असती तर ते नेहमीचं भांडण झालं असतं. तिनं त्या दारवानालाही शब्दात धरून टाकलं. तो बिचारा आता सुटतोय कसला!

सगळ्यांना आवडलं असं मात्र नाही. आपले चिटणीस, जे इथल्या प्रार्थनाघराचेही चिटणीस आणि वाचनालयाचेही, चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या बदलायला आले होते. म्हणाले, "बाकी पुस्तक ठीक आहे हो. पण शेवटी तो 'आपला' कशाला? तिचा देव तिचा, आमचा देव आमचा. हे म्हणजे आमच्या देवाच्या मांडीवर न विचारता येऊन बसल्यासारखं झालं." मी म्हटलं, मांडी देवाची आहे, जागा असेल. ते हसले नाहीत. गाद्या मात्र नव्या घेऊन गेले.

तुझ्या आईनं प्रत मागितली नाही. परवा भिंतीकडं बघत एवढंच विचारलं, "त्या पुस्तकाचं काय म्हणतायत लोक?" मी म्हटलं, आक्का, वाच की. तर म्हणाली, "मला कामं आहेत."

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं का ते कळव.

तुझा,
मामा


१९ एप्रिल

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

प्लास्टर निघालं. हे पत्र माझ्याच हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं लंगडतंय.

मामा, तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. तो शब्द माझा नाही. ती चूक आहे.

हात मोडल्यावर शेवटची प्रकरणं मी तोंडी सांगितली आणि तुमच्या जावयानं टाईप केली. मी सांगितलं होतं, "आमचा देव पायरीवरसुद्धा बसतो." त्यानं केलं 'आपला'. त्याच्या घरच्या भाषेत 'आमचा' आणि 'आपला' दोन्हींना मिळून एकच शब्द. इतकी वर्षं शिकवतेय, तरी त्याचं 'आपण' सुटत नाही. आठवतंय ना, लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या दुकानात आला आणि म्हणाला, "मामा, आपल्याला जवळचं दिसत नाही." तुम्ही आधी स्वतःचेच डोळे चोळलेत! प्रुफं आली तेव्हा मला ताप होता. शेवटचं पान पाठ होतं, म्हणून नीट वाचलंच नाही.

आणि मला 'आमचा'च हवा होता. का, ते तुम्हाला सांगायला हवं असं नाही, पण सांगते. मी त्याच्याशी लग्न करणार म्हटल्यावर आई दारात उभी राहून म्हणाली होती, "आमच्या घरात हे चालणार नाही." आमच्या! ज्या घरात माझ्या उंचीच्या रेघा भिंतीवर आहेत, त्या घराबाहेर तिनं मला एका शब्दानं काढलं. ही सगळी कादंबरी मी त्या एका शब्दाला उत्तर म्हणून लिहिली, मामा. तुमचं 'आमचं' तुमच्याकडं, आमचं 'आमचं' आमच्याकडं. आणि नेमकं तेच उत्तर छापताना घसरलं.

इकडंही तोच गोंधळ. सून मी नवऱ्याच्या धर्माची दाखवलीय, म्हणून सासूबाईंच्या मंडळातल्या एक बाई घरी येऊन म्हणाल्या, "आमचा देव त्यांना वाटून टाकायला तुला कोणी सांगितलं?" सासूबाईंनी त्यांना चहा दिला, साखर न घालता. प्रकाशकांकडं दोन्हीकडून पत्रं येताहेत. म्हणून ते शुद्धिपत्र छापतायत, पट्टीएवढं, शेवटच्या पानावर चिकटवायला: "'आपला' ऐवजी 'आमचा' असे वाचावे." मी हो म्हटलंय.

बेकरीवाल्या काकूंना सांगा, गुडघे दुखत होते. मी लिहायला विसरले.

तुमची,
ठमी


२७ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी काच घासत होतो. वाचून झाल्यावर परत घासायला बसलो आणि एवढी घासली की फेकून द्यावी लागली.

म्हणजे मी ज्याच्यासाठी चष्मा पुसला ती चूक होती तर! बरं. चूक तर चूक. पण मला ती आवडली, त्याचं काय करू?

मागे एकदा एक गृहस्थ चुकून बायकोचा चष्मा घालून दुकानात आले. म्हणाले, "मामा, काय काच दिलीत हो, आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसतंय!" आता मी काय करावं? 'चूक झाली, काढा' असं म्हणावं? मी त्यांना त्याच नंबरचा नवा करून दिला.

जरा माझ्या बाजूनं बघ. तुझ्या सुनेनं 'आमचा' म्हटलं असतं तर चिटणिसांना काहीच झालं नसतं. उलट बरं वाटलं असतं. बघा, तीसुद्धा कबूल करते, आमचं वेगळं, त्यांचं वेगळं. मग आम्ही तिला पायरीवर बसवलं तर काय चुकलं? राग आला तो 'आपला'चा. ज्या शब्दानं दोन्हीकडच्या लोकांच्या नाकाला एकदम मिरच्या झोंबल्या, तो शब्द नेमका जागेवर बसलाय गं. तू म्हणतेस उत्तर घसरलं. मला वाटतं, ते पहिल्यांदा ताठ उभं राहिलं.

रागावू नकोस. शाळा चौथीत सुटलेला माणूस आहे, जे वाचलं ते या वाचनालयातलंच वाचलं. पुस्तक तुझं आहे. फक्त घाई करू नकोस.

इकडं सगळं क्षेम. वाचनालयाची कपाटं तूर्त माझ्या दुकानात हलवतोय. तिथं भिंतीला ओल आलीय. आक्का बरी आहे. वाचनालयाची तुझी प्रत मात्र सापडत नाही. कोणी नेली, कोणी बोलेना. तूर्त माझीच प्रत कपाटात ठेवलीय.

तुझा,
मामा


६ मे

ती. मामांना,
नमस्कार.

तुम्हाला माझं पुस्तक आवडलं नाही, माझ्या नवऱ्याची चूक आवडली. हे एखाद्या लेखिकेला सांगायचं असतं का?

तुमचं म्हणणं पटत नाही असं नाही. पण मला 'आपला' वाचवत नाही. वाटतं, ती बाई सबंध कादंबरीभर ताठ बसली आणि शेवटच्या ओळीत हात जोडून म्हणाली, घ्या ना मला तुमच्यात. मी कोणाला हात जोडले नाहीत, मामा. आईलाही नाही. माझ्या बाईनं का जोडावेत?

सोबत शुद्धिपत्रांचं पाकीट आहे. तुमच्या प्रतीला एक, वाचनालयाच्या प्रतीला एक, उरलेल्या ज्यांनी विकत घेतली त्यांना द्या. एवढं माझं काम करा.

आणि ऐन उन्हाळ्यात भिंतीला ओल कशी आली?

तुमची,
ठमी


१४ मे

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पट्ट्या पोचल्या. छपाई सुबक आहे. कागदही चांगला.

चिकटवल्या नाहीत. डिंक सुकलाय.

ओलीचं म्हणशील तर भिंतीला काय, तिला वाटेल तेव्हा येते.

तुझा,
मामा


२० मे

लेखिकाबाईंना,
बेकरीवालीचा नमस्कार.

मी पत्रंबित्रं लिहीत नाही, पावाचा हिशेब आणि उधारीवाल्यांना शिव्या एवढंच माझं लिखाण. पण तुमचे मामा तुम्हाला काही सांगायचे नाहीत, म्हणून लिहिते. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. कळलं तरी मी घाबरत नाही म्हणा.

ओलबिल काही नाही. भिंत माझ्या हातापेक्षा कोरडी आहे. वाचनालयाची खोली प्रार्थनाघराची, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलातच चिटणिसांनी पुस्तक काढा म्हणून खोलीवरून धमकावलं होतं. मग त्यांना कुठून तरी कळलं की तुम्ही स्वतःच चूक दुरुस्त करणारी पट्टी काढलीय. मग काय, त्यांना आयतंच सापडलं. म्हणाले, पट्टी चिकटवा, पुस्तक कपाटात ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. नाहीतर खोली रिकामी करा. मामा म्हणाले, डिंक नाही. तर दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः डिंकाची बाटली घेऊन हजर! मामांनी बाटली घेतली, त्यांचे आभार मानले आणि सगळ्यांसमोर वाचनालयाच्या मोडक्या खुर्चीचा पाय चिकटवला. चिटणीस तसेच उभे. खुर्ची मात्र आता डुगडुगत नाही.

मी हसले, पण हसण्यासारखं नाही. ती खोली म्हणजे मामांचा जीव. बायको गेली तेव्हा हा माणूस दुकान बंद ठेवून तिथं जाऊन बसायचा, ते मी बघितलंय. महिनाअखेरच्या रविवारी सभा आहे. मामा कपाटं आधीच हलवतायत, म्हणजे हरणार हे त्यांना ठाऊक आहे.

आता माझं मत. तुम्हाला म्हणे वाटतं, 'आपला' म्हणजे हात जोडल्यासारखं झालं. मामा परवा पाव घ्यायला आले तेव्हा तोंड पाडून सांगत होते. बाई, हात जोडणारं माणूस 'तुमचा देव' म्हणतं. रुसलेलं माणूस 'आमचा देव' म्हणतं. 'आपला' म्हणायला छाती लागते. मी या गल्लीत परक्या धर्माची एकटी. दुकान थाटलं तेव्हा माझ्या हातचा पाव नको म्हणणारी चार घरं होती. मी कधी 'माझी गल्ली' म्हटलं नाही, 'तुमची गल्ली' तर नाहीच. पहिल्या दिवसापासून 'आपली गल्ली' म्हणत आले. आधी लोक चिडायचे. आता त्याच घरांत सकाळचा पाव माझा जातो.

तुमच्या सुनेला शेवटच्या ओळीत जे सुचलं ते मला पहिल्या दिवशी सुचलं होतं, एवढंच. चुकून सुचलं असलं तरी परत घेऊ नका.

गुडघ्यांबद्दल उत्तर मिळालं. आभारी आहे.


२४ मे

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

ओल कुठून आली ते कळलं. कोणी सांगितलं विचारू नका. सांगणारीनं 'मी घाबरत नाही' असं कळवलंय, म्हणजे तुम्हाला कळलंच.

मला तुमचा राग आलाय. मला न सांगता माझ्या पुस्तकापायी तुम्ही तुमची खोली घालवायला निघालात? आणि मी इथं बसून तुम्हाला डिंकावरून टोचून बोलायच्या तयारीत!

काल सासूबाईंच्या मंडळातल्या त्या बाई परत आल्या. हातात शुद्धिपत्र. प्रकाशकांकडून मागवून घेतलेलं. फार खूश. "आता कसं बरोबर झालं! ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडं." मामा, अगदी माझंच वाक्य. एप्रिलमध्ये मी तुम्हाला जवळजवळ हेच लिहिलं होतं. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला. ज्या पट्टीवर तिकडचे चिटणीस आणि इकडच्या या बाई दोघंही खूश, ती पट्टी माझ्या पुस्तकात लागणार नाही.

संध्याकाळी मी तुमच्या जावयाला विचारलं, "टाईप करताना 'आपला' का लिहिलंस?" तर म्हणाला, "मग दुसरं काय? देव आपलाच ना?" मी म्हटलं, आपला म्हणजे कोणाकोणाचा? तर डोकं खाजवून म्हणतो, "आपल्या भाषेत याचाही हिशेब ठेवावा लागतो?" आपल्या भाषेत! माझ्या भाषेला तो केव्हापासून 'आपली' म्हणतोय, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी बसून चुका काढत होते.

प्रकाशकांना कळवलंय: शुद्धिपत्र रद्द. दुसऱ्या आवृत्तीतही तोच शब्द राहील. ते म्हणाले, विक्री पडेल. मी म्हटलं, पडू दे, उचलू.

सभेत कोणी म्हणालं की लेखिकाच चूक कबूल करते, तर सांगा: चूक होती. आता नाही. लेखिकेनं वाचून, समजून, स्वतःच्या नावावर घेतली आहे.

पण खोली तुमची आहे. ती वाचवायला तुम्ही तुमच्या कपाटातल्या प्रतीला पट्टी लावलीत तरी मी एक शब्द बोलणार नाही. हे मनापासून लिहितेय.

तुमची,
ठमी


२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

खोली गेली. आधी ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

सभेला गर्दी होती. चिटणिसांनी लिहून आणलेलं वाचायला सुरुवात केली, "या पुस्तकामुळे आपल्या लोकांच्या भावना दुखावल्या आहेत..." आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "चिटणीस, एक मिनिट. आपल्या म्हणजे मला धरून की सोडून?"

मी मान वळवली नाही. तो आवाज मी जन्मल्यापासून ओळखतो. आक्का!

चिटणीस म्हणाले, "अहो आक्का, तुम्हाला धरूनच."

"आणि माझ्या मुलीला?"

चिटणिसांनी कागद उलटा केला, मागं काही लिहिलंय का बघितलं.

"तिला सोडून असेल," आक्का म्हणाली, "तर मलाही सोडा. आणि 'आमच्या भावना' म्हणा. दुसऱ्याचं छापलेलं दुरुस्त करायला निघालात, आधी स्वतःच्या तोंडाला शुद्धिपत्र लावा." आणि खाली बसली. पदरानं तोंड पुसलं, जसं काही भाजीचा भाव सांगून झाला.

बेकरीवालीनं टाळी वाजवली. एकटीनंच. मग मी उठलो आणि तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला. शब्द एकही गाळला नाही. पट्टी लावू का, हा विचार शिवला नाही असं नाही. आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत जाऊन उभा राहिलो होतो. पण जिथं बसून मी वाचायला शिकलो, तिथंच बसून वाचलेलं झाकायला शिकू? ते नाही जमायचं.

हात वर करून मत घेतलं. हरलो. ज्यांच्या नाकावर माझे चष्मे आहेत तेही निम्मे तिकडंच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता वाचनालय दुकानात. फ्रेमांच्या शेजारी कादंबऱ्या, आणि वाचायला ती चिकटवलेली खुर्ची. काही सभासद यायचे थांबले. काही नवे येतात, बेकरीवाली प्रत्येक पावामागं एकाला पाठवते. तुझी प्रत अगदी दारासमोर ठेवलीय.

आणि एक गंमत. काल चिटणीस आले. येणारच, या भागात दुसरा चष्मेवाला आहे कुठं? म्हणाले, "जवळचं दिसत नाही." मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तक्त्याऐवजी तुझं शेवटचं पान हातात दिलं. "शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं. मग डोळे बारीक करून, "आ... प... ला," इथवर वाचलं आणि थांबले. मी म्हटलं, नजर ठीक आहे. पुढचंही हळूहळू दिसेल.

बिल लावलं नाही.

वाचनालयाची हरवलेली प्रत सापडली. कुठं होती ते आता तुला कळेलच, कारण तुझी आई इथं शेजारीच उभी आहे आणि "मला खाली लिहायचंय, सरक" म्हणून कागद ओढतेय. मी आपला सरकतो.

तुझा,
मामा


ठमे,

पुस्तक मीच नेलं होतं. वाचलं. मधे फार रडारड आहे. सासूचं पात्र मला पटलं नाही, सासवा इतक्या चांगल्या नसतात. तुझी असेल तर मला एकदा बघायचीय. त्या पोराला घेऊन ये, आणि तिलाही.

भिंतीला रंग दिलाय. तुझ्या रेघांवर दिला नाही.

आपलं घर तुमची वाट बघतंय. आणि तो शब्द परत तपासत बसू नकोस. ही छपाईची चूक नाही. पेनानं लिहिलाय, माझ्या हातानं.

आई